ती ‘नको’ का म्हणायली?

प्रश्न : सर, नमस्कार. मी रेणापूर तालुक्यातला शेतकरी. चार एकर कोरडवाहू. गेल्या सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन हातचं गेलं. लेकीला सीईटीला ८८ पर्सेंटाइल पडले. ऑप्शन फॉर्म माझ्या भाच्याने भरला आणि छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्या, नाहीतर पोरगी मागं पडंल. लातूरला दुकानात पाहिला, ८० हजार. दुसऱ्या वेताची म्हैस विकायलोत, ६० येतील, वरच्या २० चे हप्ते. मी तिला रोज सांगतो, म्हैस तुझ्यापायी चाललीय, चार वर्षांत फेडून काढ. पण ती नकोच म्हणायली. तिला समजावून सांगा आणि कोणता लॅपटॉप घ्यावा तेही सांगा.

उत्तर : भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाचा काय म्हणतो ते कळलं, दुकानदार काय मागतो ते कळलं. लेकीचं म्हणणं मात्र एका शब्दात आलंय : नको. आणि तोच शब्द मी तिच्याकडून काढून घ्यावा, असं तुम्हाला वाटतं. ते मी करणार नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय.

ती नको का म्हणते, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. ‘म्हैस तुझ्यापायी चाललीय, फेडून काढ.’ हे वाक्य ती रोज ऐकते. कदाचित त्याच म्हशीला वैरण टाकता टाकता ऐकते. अठरा वर्षांच्या पोरीने यातून काय घ्यायचं? कॉलेजचा पहिला दिवस अजून उजाडला नाही आणि तिच्या नावावर साठ हजारांचं देणं चढलंय. तुमच्या मनात माया आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. जनावर विकायला निघालेला बाप दुसऱ्या कशासाठी विकत नसतो. पण तिच्या कानावर माया पडत नाही, हिशेब पडतो.

माझ्यासमोर एकदा असाच एक मुलगा येऊन बसला होता. दुसऱ्या वर्षाला होता, गणिताचे दोन पेपर राहिलेले. त्याला शाखाच झेपत नव्हती आणि हे त्याला पहिल्या चार महिन्यांतच कळलं होतं. घरी का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाला, “लॅपटॉपचे हप्ते संपल्याशिवाय कसं सांगू?” दीड वर्ष त्याने तोंड बंद ठेवलं. ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. तुमचं पत्र वाचताना पुन्हा तेच आठवलं.

मीही शेतकऱ्याच्याच घरातला आहे, म्हणून म्हशीबद्दल बोलतो. दुसऱ्या वेताची म्हैस म्हणजे तिचं दूध अजून वाढायचंय. दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल हेच लेकीच्या मेसचं बिल आहे. म्हैस गेली की लॅपटॉप येईल, पण दर महिन्याचे मेसचे पैसे कुठून येणार? ते तुम्ही पत्रात कुठेच धरलेले नाहीत. ८० हजार रुपये म्हणजे २०२५-२६ च्या हंगामाच्या हमीभावाने, म्हणजे ५,३२८ रुपयांनी, पंधरा क्विंटल सोयाबीन. आणि हमीभाव बाजारात हाती पडतोच असं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता भाच्याचं म्हणणं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच, हा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर नीट बोलायला हवं. पोरं पहिल्या दोन वर्षांत शिकतात ती सी, पायथन, जावा, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस. हे सगळं साध्या लॅपटॉपवर विनासायास चालतं, कारण कोड लिहून तपासायला प्रोसेसर आणि रॅम लागते. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं ते मोठे गेम, थ्रीडीचं जड काम, व्हिडिओ संपादन आणि मशीन लर्निंगची मोठी मॉडेल्स यांना. पुढे मशीन लर्निंग घेतलंच, तर गुगल कोलॅब या वेबसाइटवर ब्राउझरमधून मर्यादित वेळ ग्राफिक्स प्रोसेसर फुकट वापरता येतो. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट त्यावर होतात. उलट गेमिंगचा लॅपटॉप दोन किलोंच्या वर, त्याचा चार्जर विटेएवढा, आणि बॅटरी दोन-तीन तासांत बसते. हॉस्टेलवरून वर्गात, वर्गातून लायब्ररीत ते ओझं तिने वाहायचं कशासाठी? भाचा कंपनीत जे वापरतो त्यावरून सांगतोय. त्याने पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून पाहिलेला नाही.

त्या अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी गणित, भौतिक, रसायन, ड्रॉइंग, वर्कशॉप आणि थोडं प्रोग्रॅमिंग असतं. प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबमध्येच होतं. म्हणजे दिवाळीपर्यंत लॅपटॉप नसला तरी तिचं काही अडत नाही. तेवढ्यात ती सीनियर मुलींना विचारेल, काय लागतं ते स्वतः बघेल. तेव्हा तिला सोबत घेऊन दुकानात जा, आणि निवड तिला करू द्या.

घ्यायचा तो साधा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. प्रोसेसर इंटेलचा आय-५, बारावी पिढी किंवा त्यापुढची, नाहीतर त्याच काळातला एएमडीचा रायझन ५. रॅम १६ जीबी. बजेट ताणत असेल तर ८ चालेल, पण मग रॅम नंतर वाढवता येते का, हे दुकानदाराकडून नक्की करून घ्या. काही मॉडेल्समध्ये ती बोर्डवरच जोडलेली असते आणि वाढतच नाही. साठवणीला एसएसडी ५१२ जीबी. शून्य टक्के हप्त्याला भुलू नका. रोख घेतला तर किती आणि प्रोसेसिंग फी किती, हे दोन्ही विचारलं की शून्य किती खरं ते कळतं. तेवढेही पैसे नसतील तर कंपन्यांनी वापरून काढलेला जुना लॅपटॉप २५ हजारांच्या आसपास मिळतो आणि पदवीचा अभ्यास त्यावर होतो. पण तिथे ‘आय-७ आहे, घेऊन टाका’ म्हणतील. पिढी विचारा, ती नावातल्या आकड्याच्या सुरुवातीला असते : ४६०० म्हणजे चौथी, १२१५ म्हणजे बारावी. २०१३ चा आय-७-४६००यू दोन कोअरचा, म्हणजे काम करणारे दोनच भाग असलेला होता, २०२२ चा आय-३-१२१५यू सहा कोअरचा आहे. विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलं आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधी अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे आठवीच्या खालचा घेऊच नका. पावती आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी घ्या. वर्ड-एक्सेलसारख्या कामाला लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

दुकानाआधी महाडीबीटीचं, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं काम करा. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असाल, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही तिथेच भरतात.

एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : ऑप्शन फॉर्म भाच्याने भरला. मग लेकीला काय हवं होतं? तिचं ‘नको’ लॅपटॉपला आहे, म्हशीच्या देण्याला आहे, की कॉम्प्युटर शाखेलाच आहे? मला इथे बसून ते कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही अजून माहीत नाही. शेतात दोघंच असताना तिला विचारा. भाचा नको, दुसरं कोणी नको, उपदेश तर मुळीच नको. आणि विचारण्याआधी ‘म्हैस मी विकत नाही’ एवढं सांगा, म्हणजे ती मोकळं बोलेल. दुसरी शाखा मनात असेल तर प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्या संपण्याआधी ते कळायला हवं, म्हणून हे या आठवड्यातच करा.

मग ती जे म्हणेल ते तिलाच मला लिहायला सांगा. पुढचं पत्र तिच्या अक्षरात येऊ द्या. मी तिला उत्तर देईन.