सैनिकाची पत्नी आणि श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या आईविषयी स्मरणार्थ उपासनेत काय बोलावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमची आई गेल्या महिन्यात प्रभूमध्ये निजली, वडील सैन्यात असल्यामुळे तिने तुम्हा तिघा भावंडांना जवळजवळ एकटीने वाढवले, आणि आता स्मरणार्थ उपासनेत मुलांच्या वतीने तुम्हाला बोलायचे आहे. पण लिहायला बसले की 'प्रेमळ', 'प्रार्थनाशील' आणि 'त्यागमूर्ती' या तीन शब्दांपलीकडे कागदावर काहीच उतरत नाही. तीन वर्षांपूर्वी माझीही हीच स्थिती होती. माझे वडील सुभेदार पदावरून निवृत्त झाले आणि आईने त्यांच्या नोकरीची सव्वीस वर्षे त्यांच्याबरोबर, किंवा खरे सांगायचे तर बरीचशी त्यांच्यावाचून काढली. म्हणून अनुभवाने सांगतो, 'त्यागमूर्ती' हा शब्द सर्वांत आधी खोडा. तो खोटा नाही, पण त्या शब्दामागे बाई दिसेनाशी होते. तिने काय सोडले हे त्यातून कळते, तिने काय केले हे कळत नाही.

अशा उपासनेत बायबलातील नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय बहुधा वाचतातच आणि तुमच्या पाळकसाहेबांनीही तो सुचवला असेल. मराठी शास्त्रात तेथे 'सद्गुणी स्त्री' असे शब्द आहेत. मूळ हिब्रूत 'एशेत हायिल' असे आहे, आणि 'हायिल' म्हणजे बळ, पराक्रम, कर्तबगारी. इतकेच काय, निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात फारोच्या सैन्यालाही हाच शब्द आहे. इस्राएलाचा सेनानी गिदोन याला देवदूत बलवान वीर म्हणून हाक मारतो तेव्हाही हाच शब्द येतो. रूथच्या तिसऱ्या अध्यायात तिचा पुढे पती झालेला बवाज रूथला तेच विशेषण लावतो, आणि ती तर परमुलखातून आलेली, हाताशी काही नसलेली विधवा होती. नीतिसूत्रांच्या त्या अध्यायातील दहाव्या ते एकतिसाव्या वचनापर्यंतची बावीस वचने हिब्रू वर्णमालेतील बावीस अक्षरांनी ओळीने सुरू होतात आणि त्यांत त्या स्त्रीच्या रूपाचे वर्णन जवळजवळ नाही. ती पहाटे उठते, शेत पारखून घेते, गरिबाला हात देते, घरच्यांसाठी हिवाळ्याची तयारी ठेवते, अशी सगळी क्रियापदे आहेत. हे कळल्यावर मी आधीचा मसुदा बाजूला ठेवला आणि आईची क्रियापदे गोळा करायला लागलो.

तुम्हीही तेच करा असे मी आग्रहाने सांगेन. बदलीचा हुकूम आला की कोणी काय बांधले, काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव कोणी लिहिले, नव्या ठिकाणी शाळेचा प्रवेश मिळवण्यासाठी दाखला घेऊन कोण धावले, तापाच्या रात्री एमआय रूमपर्यंत, म्हणजे युनिटच्या दवाखान्यापर्यंत, कोणी उचलून नेले, हे आठवा. वडील फील्डला असताना पत्त्यात गावाचे नाव नसायचे, फक्त युनिट आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' हा सैन्याच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक. आपला माणूस नेमका कोठे आहे हे ठाऊक नसताना त्याला दर आठवड्याला पत्र लिहीत राहणे आणि त्यात घरची तक्रार एका ओळीपेक्षा अधिक येऊ न देणे, हेही एक कामच होते. ते कामासारखे सांगा.

श्रद्धेविषयी लिहिणे मला अधिक अवघड गेले, कारण 'तिची श्रद्धा अढळ होती' हे वाक्य आपोआप लिहिले जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनात काहीच उमटत नाही. आई गेल्यावर तिचे पवित्र शास्त्र माझ्याकडे आले. स्तोत्रसंहितेतील एकशे एकविसावे स्तोत्र, ज्याच्या शेवटी परमेश्वर तुझे जाणे-येणे सांभाळील असे अभिवचन आहे, त्या पानाच्या समासात तिने पेन्सिलीने दोन रकाने आखले होते. एकावर 'जा' आणि दुसऱ्यावर 'ये' असे लिहिलेले होते. वडील घरातून निघाले ती तारीख पहिल्या रकान्यात आणि परत आले ती दुसऱ्यात, अशा नोंदी पानाच्या तळापर्यंत उतरल्या होत्या. १९९९ च्या मे महिन्यातील 'जा' पुढे मात्र लगेच तारीख नाही. तेथे बारीक ठिपके आहेत, एकूण अकरा, आणि मग 'ये'. वडिलांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात ते वर असताना आईने प्रत्येक रविवारी एक ठिपका दिला होता, हे त्यांनाही माहीत नव्हते. उपासनेत मी तिच्या श्रद्धेविषयी एवढेच सांगितले आणि ते पान दाखवले.

तुमच्या आईचे शास्त्र, गीतपुस्तक, जुनी पत्रे, हिशेबाची वही घरात असेल. भावंडांनी एकत्र बसून ती चाळा. खुणा नसतील तर नसू द्या. पण कोणते पान सर्वांत मळलेले आहे हे तरी दिसेलच.

एक गोष्ट लपवू नका, ती म्हणजे तिची भीती. सैनिकाच्या पत्नीला धीराची मूर्ती करून ठेवण्याची आपल्याला सवय आहे आणि ख्रिस्ती बाई असली की तर बोलायलाच नको. जणू प्रार्थना करणारीला धसका बसतच नाही. त्या अकरा आठवड्यांत माझी आई देवावर रागावली होती. रात्री आम्ही झोपलो असे समजून ती मोठ्याने विचारत असे की किती दिवस, अजून किती दिवस. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि ते ऐकून फार घाबरलो होतो. पुढे वाचनात आले की तेराव्या स्तोत्राची सुरुवातच याच प्रश्नाने होते आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते, त्याला दिलाशाचे शेवटचे कडवे नाही. ज्या शास्त्राने हा आक्रोश पुसला नाही ते वाचणाऱ्या बाईचा आक्रोश आपण का पुसावा? मी तो सांगितला. मंडळीतील वडीलधाऱ्यांना तो खटकेल अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात दोन वृद्ध बायांनी नंतर माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वडिलांच्या सेवेचा उल्लेख कोठे आणि किती करावा, असेही तुम्ही विचारले आहे. तो अवश्य करा, पण आईला त्यांच्या पदाच्या आणि पदकांच्या सावलीत उभे करू नका. पहिल्या शमुवेलाच्या तिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे, जो सैनिकांच्या घरांत वारंवार वाचला जावा असे मला वाटते. अमालेकी लोकांनी दावीदाचे मुक्कामाचे गाव सिकलाग जाळून बायका-मुले पळवून नेलेली असतात आणि पुढे राजा झालेला दावीद सहाशे माणसे घेऊन पाठलागावर निघतो. बसोर ओहोळापाशी दोनशे जण थकून मागे राहतात आणि चारशे पुढे जाऊन सर्वांना सोडवून आणतात. परतल्यावर काही जण म्हणतात की मागे राहिलेल्यांना लुटीतले काही देऊ नये. दावीद ते मान्य करत नाही. लढाईत उतरणाऱ्याचा जेवढा वाटा तेवढाच सामानापाशी राहणाऱ्याचा, असा नियम तो इस्राएलात कायमचा घालून देतो. मी हा भाग वाचला आणि वडिलांच्या सेवेत आईचा वाटा किती हे त्यावरूनच सांगितले, निराळी स्तुती जोडली नाही. नंतर वडिलांनी मला जवळ बोलावून, तो अध्याय कितवा म्हणालास, असे विचारले आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतला.

तुमच्या आईला मूळ गावापासून दूर, वडिलांच्या शेवटच्या बदलीच्या शहरातच मूठमाती द्यावी लागली याची खंत तुमच्या प्रश्नात जाणवते. अशा वेळी संत ऑगस्टिनची आई संत मोनिका आठवते. ती उत्तर आफ्रिकेतील, पण इ. स. ३८७ मध्ये परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात ती आजारी पडून वारली. आपल्या पतीशेजारी पुरले जावे ही तिची जुनी इच्छा होती. तरी शेवटच्या दिवसांत तिने मुलांना सांगितले की शरीर कोठेही ठेवा, त्याची काळजी करू नका, केवळ प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ऑगस्टिनने हे लिहून ठेवले आहे. बदल्यांच्या आयुष्यात ज्या बाईने इतकी घरे लावली आणि मोडली, तिच्याविषयी बोलताना हा दाखला शोभेल.

बोलणे सात-आठ मिनिटांत आटपा. 'देवाला ती अधिक हवी होती' यासारखी वाक्ये टाळा, लहान नातवंडांच्या मनात ती भलतीच भीती घालतात. आणि युनिटमधील जुन्या ओळखीच्या बायकांना आवर्जून निरोप पाठवा, त्यांच्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवा. आम्ही निरोप पाठवला होता म्हणून एक बाई रात्रभराचा प्रवास करून आल्या. १९९९ मध्ये त्या आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या, चार महिन्यांचे बाळ होते आणि त्यांचे पती परतले नाहीत. त्या ख्रिस्ती नाहीत. सभागृहात उभे राहून त्यांनी सांगितले की त्या दिवसांत पुष्कळ जण येऊन धीर देऊन गेले, आई मात्र रोज सकाळी पेन घेऊन येत असे. बाळाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या दप्तरातील अधिकृत नोंद, निघाली आहे का, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर नावाचे स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, हे ती एकेक करून तपासत असे आणि त्या रडत असताना बाटल्या उकळून ठेवत असे. तिने प्रार्थना कधी म्हणून दाखवली नाही, पण दारातून बाहेर पडताना क्षणभर थांबायची, ओठ हलायचे, आणि मग चप्पल घालायची. एवढे बोलून त्या खाली बसल्या. त्यांच्या शेजारी बसलेला चोविशीचा तरुण तेच बाळ होता.