मुलाची रस्त्यात झडती झाली, मॉनिटरिंग ग्रुपकडे जाऊ का? – माझं उत्तर

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं वर आलं. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा, लंडनमध्ये स्टेशनबाहेर ‘गांजाचा वास येतोय’ म्हणून पोलिसांनी घेतलेली झडती, सापडलं काहीच नाही. बरोच्या (लंडनमधल्या तुमच्या स्थानिक विभागाच्या) मॉनिटरिंग ग्रुपकडे, म्हणजे पोलिसांच्या झडत्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक लोकांच्या गटाकडे, जरूर जा, पण त्याआधी बॉडीकॅमचं, म्हणजे पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं, चित्रण वाचवा.

झडतीच्या नोंदीची प्रत तीन महिन्यांपर्यंत मागता येते, तिची एवढी घाई नाही. चित्रण मात्र पुरावा म्हणून बाजूला काढलं नसेल तर साधारण ३१ दिवसांत पुसलं जातं. आणि सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्टला (आपल्याबद्दलची माहिती, इथे चित्रण, मागण्याच्या अर्जाला) उत्तर द्यायची कायदेशीर मुदत? एक महिना! आमच्या वेळी एका कार्यालयाने (नाव घेत नाही) अर्ज घेतला, आधी मुलाचं ओळखपत्र मागितलं, मग माझं, आणि शेवटी कळवलं की हा विषय आमच्याकडे येतच नाही. फोनवर बोलणं मात्र इतकं गोड की रागावताही येईना. कागद योग्य टेबलावर पोचेपर्यंत चित्रण गेलेलं. मग तक्रारीत उरलं काय, तर पोराचा शब्द आणि पोलिसाचा शब्द. कोणाचा चालला ते सांगायला नको. म्हणून आजच पोलिसांना ईमेल करा: तारीख, वेळ, जागा, अधिकाऱ्याच्या खांद्यावरचा नंबर आणि ‘चित्रण राखून ठेवा’ हे स्पष्ट शब्दांत.

आता ग्रुपबद्दल. झडतीच्या नोंदी स्थानिक लोकांच्या प्रतिनिधींना तपासू देण्याची व्यवस्था पोलिसांनी करायलाच हवी, असं पोलिसांच्या अधिकारांबद्दलच्या १९८४च्या कायद्याखालच्या ‘कोड ए’मध्ये, म्हणजे झडतीच्या नियमावलीत, आहे. तेव्हा उपकार केल्यासारखं कोणी बोललं तर ऐकून घेऊ नका. तुमच्या तक्रारीचा निकाल हा ग्रुप देत नाही. कारणं मोघम लिहिली जातात का, त्याच त्या मुलांना अडवतात का, हे तो बघतो. बैठकीत एवढंच विचारा: ग्रुपने बघायचे बॉडीकॅमचे व्हिडिओ निवडतं कोण? पोलीसच निवडत असतील तर ती चहा-बिस्किटांची बैठक समजा. हे माझं मत. प्रामाणिकपणे उत्तरं देणारे सार्जंटही मी पाहिलेत.

जाता जाता: नुसत्या झडतीसाठी नाव-पत्ता सांगायची सक्ती नसते, हे मुलाला सांगून ठेवा. हुज्जत मात्र घालू नकोस म्हणावं.

मंडळातले लोक म्हणतील, ‘काही सापडलं नाही ना, मग सोडा की’. हेच लोक ग्रुपमध्ये जागा रिकाम्या असताना फिरकत नाहीत. असो. मी वकील नाही, आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.