मुळांमध्ये खरंच वेदनाशामक द्रव्यं असतात का?

तुम्ही लिहिलंय की आई विड्या वळतात, दिवसभर मांडी घालून बसल्यानं गुडघे धरतात, आणि गड्ड्याच्या यात्रेत घेतलेल्या मुळ्यांच्या चूर्णानं त्यांना तासाभरात आराम पडतो. मी सोलापुरातच वनस्पतिशास्त्र शिकवते. मुळांत आणि कंदांत वेदना कमी करणारी द्रव्यं असतात हे खरं, पण तासाभराचा आराम ऐकून मला काळजी वाटली.

हळदीचंच बघा. थायलंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली आले. गुडघ्याच्या संधिवाताचे ३६७ रुग्ण होते; काहींना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, बाकीच्यांना १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक औषध. चार आठवड्यांनी दोन्हीकडे दुखणं जवळपास सारखंच उतरलं होतं. पण तो अर्क होता. घरच्या हळदीत करक्युमिन हे कामाचं द्रव्य जेमतेम ३ टक्के, तेही रक्तात फारसं उतरत नाही. आपल्या माळावरच्या आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधाच्या, मुळीतली द्रव्यंही सूज कमी करतात, तीही सावकाश.

मुळी झटपट काम करते तेव्हा बहुधा दुसरंच काही असतं. कॅमेरूनमधल्या एका झाडाच्या मुळांत ट्रॅमाडॉल हे कारखान्यात बनणारं वेदनाशामक सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं, आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी जर्मन संशोधकांनी दाखवलं की तिथले शेतकरी गुरांना ट्रॅमाडॉल देतात, ते मलमूत्रातून मातीत जातं आणि मुळं ते शोषून घेतात. तिथे ते नकळत घडलं. आपल्याकडे काही विक्रेते चूर्णात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मुद्दाम मिसळतात. पुडीवर नाव-गाव, घटक काहीच नसेल तर ही शक्यता धराच. बचनाग ही विषारी मुळीही त्यात असू शकते. बचनागातलं अॅकोनिटिन नसा बधिर करतं, पण शोधन, म्हणजे विष कमी करण्याची आयुर्वेदिक प्रक्रिया, नीट झालं नसेल तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जातो.

आईंचा चेहरा सुजल्यासारखा दिसतोय का, साखर किंवा बीपी वाढलंय का, ते पाहा; स्टेरॉइडनं असं होऊ शकतं. पुडी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस चालू आहे ते सांगा. फार दिवसांपासून घेत असतील तर मनानं एकदम बंद करू नका. स्टेरॉइड असेल तर ते अचानक थांबवणंही धोक्याचं असतं, डॉक्टर ते हळूहळू कमी करतील. मात्र ओठ-जीभ बधिर होणं, छातीत धडधड किंवा चक्कर असं काही झालं, तर पुढची मात्रा न देता थेट इस्पितळ गाठा.