सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी: ब्रेक्झिटनंतरचं इंग्लंड

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. अमरावतीचा एजंट म्हणतो, युरोपातून बाहेर पडल्यामुळं इंग्लंडला माणसं कमी पडतात, आता आपल्या पोरांचे दिवस आले. तुम्हाला इथं इंग्लंडला एक वर्षाची एमएस्सी करून नोकरी धरायची आहे. वहिनी बी.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षांपासून वरुडच्या दवाखान्यात. आणि बाबा संत्र्याच्या दोन एकरांवर 28 लाखांचं कर्ज काढायला तयार झालेत. तुम्ही विचारलं एवढंच, की या देशाची आर्थिक स्थिती पुढं कशी राहील. तुमच्या बगीच्याची गोष्ट आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मी मोर्शी तालुक्यातली. 2018 पासून लिंकनशायरच्या बोस्टनला नर्स आहे. हे बोस्टन अमेरिकेतलं नव्हे, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचं शेतकऱ्यांचं गाव. सगळीकडं सपाट काळी जमीन, कोबी, फुलकोबी, बटाटा. 23 जून 2016 च्या मतदानात देशभरातून 51.9 टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा, म्हणजे ब्रेक्झिटचा, कौल दिला. बोस्टनमध्ये तो 75.6 टक्के होता, देशात सर्वांत जास्त. म्हणजे ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्यातच मी राहते, त्यांच्याच म्हाताऱ्यांना औषधं देते.

सीमेवर अडथळा आला की शेतकऱ्याचं काय होतं हे वरुड-मोर्शीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. बांगलादेशनं आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क किलोमागं 20 रुपयांवरून वाढवत वाढवत 2023 मध्ये 88 रुपयांवर नेलं, तेव्हा आमच्या बाबांनी इसार घेतलेला आंबिया बहाराचा सौदा मोडला. व्यापारी म्हणाला, माल तिकडं जातच नाही तर मी नेऊन करू काय? फळ तेच, झाडं तीच, पाणीही तेच. फक्त हजारावर किलोमीटर लांबच्या एका सीमेवर कागद बदलला होता.

इंग्लंडनं अशी सीमा स्वतःच उभी केली. 31 जानेवारी 2020 ला देश संघाबाहेर पडला आणि वर्षअखेरीस एकल बाजारपेठेतून आणि सीमाशुल्क संघातूनही, म्हणजे युरोपातल्या बिनअडथळ्याच्या व्यापाराच्या व्यवस्थेतूनही. 30 डिसेंबर 2020 ला युरोपशी जो करार झाला त्यात मालावर शुल्क शून्य आहे. ऐकायला बरं वाटतं. पण शुल्क नसलं तरी सीमाशुल्काचा अर्ज आला, माल मूळचा कुठला याचा पुरावा आला, मांस-दूध-माशांसाठी पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला आला. पूर्वी इथून हॉलंडला माल पाठवणं म्हणजे मोर्शीहून नागपूरला गाडी भरण्यासारखं होतं. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी माणसं ठेवली. लहान व्यापाऱ्याला एका खेपेचा कागदाचा खर्चच परवडेना, त्यातल्या कित्येकांनी युरोपला माल पाठवणं सोडलं. आणि या देशाची जवळपास निम्मी आयात आणि चाळीस टक्क्यांवर निर्यात त्याच युरोपशी होते.

याचा हिशेब इथली ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी ही सरकारी पण स्वतंत्र संस्था मांडते. संघात राहिलो असतो तर जेवढी झाली असती त्यापेक्षा आयात-निर्यात 15 टक्क्यांनी कमी, आणि देशाची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी, असा तिचा अंदाज आहे. हा आकडा नीट समजून घ्या, कारण यावरच लोक भांडतात. अर्थव्यवस्था 4 टक्क्यांनी कोसळली असा त्याचा अर्थ नाही. ज्या वावरात 25 क्विंटल सोयाबीन झालं असतं तिथं 24 झालं, असा आहे. पीक आलं, घर चाललं, पण तो एक क्विंटल दर हंगामाला कमी येतो. म्हणूनच तो रस्त्यावर दिसत नाही. तुम्ही इथं उतरलात तर दुकानं भरलेली दिसतील, पडझड कुठंच दिसणार नाही.

सगळा दोष ब्रेक्झिटवर टाकणंही खरं नाही. मध्ये कोरोना आला, मग युक्रेनचं युद्ध. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 11.1 टक्क्यांवर गेली ती मुख्यतः गॅस आणि विजेमुळं. त्या हिवाळ्यात माझ्या वॉर्डातल्या सहकारी बाया घरात हीटर लावायचा की नाही याचा विचार करत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण वादळ सगळ्या युरोपवर आलं असताना यांनी आपल्या घराचा एक वासा स्वतःच काढून ठेवला होता, असं माझं मत आहे.

बाहेर पडल्याचा फायदाही आहे, तो लपवत नाही. आता हा देश स्वतः कुणाशीही करार करू शकतो. 24 जुलै 2025 ला भारताशी मुक्त व्यापार करार त्यातूनच झाला. आपल्या कापडावरचं शुल्क काढायचं त्यात ठरलं. अमरावतीजवळ नांदगाव पेठला जो कापड उद्योगाचा पार्क उभा राहतोय त्याला याचा उपयोग होऊ शकतो, आणि तो मला आपल्या कापूसवाल्यांसाठी मनापासून हवा आहे. पण इंग्लंडच्या बाजूनं पाहा. या करारानं 2040 पर्यंत त्यांच्या उत्पन्नात 0.13 टक्के भर पडेल असा त्यांच्याच सरकारचा अंदाज आहे. 4 जातात आणि 0.13 येतात. शिवाय "करार झाला, आता व्हिसा सोपा" असं एजंट म्हणत असेल तर ते चूक आहे. आचारी, संगीतकार, योगशिक्षक अशांना मिळून वर्षाला 1,800 जागा आहेत, बाकी दार होतं तसंच.

आता दाराविषयी. तुमच्यासाठी देशाच्या उत्पन्नापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

2004 नंतर पोलंड, लिथुआनिया, लाटव्हियाची माणसं इथल्या कोबीच्या शेतांवर आली. मेळघाटातले मजूर आपल्याकडं येतात तशी. फरक इतका की ही इथंच राहिली. काही वर्षांत गाव बदललं, घरभाडं वाढलं, डॉक्टरकडं रांग वाढली. 2016 चं मत त्या रागातून आलं. त्यानंतर युरोपची माणसं यायची कमी झाली. 2015-16 मध्ये 9 हजारांवर युरोपीय नर्सेसनी इथं नव्यानं नोंदणी केली होती, 2017-18 मध्ये 805. इंग्रजीची परीक्षा कडक झाली हेही त्याचं एक कारण, पण मतदानाचा धक्का मोठा होता. जुलै 2018 मध्ये सरकारनं डॉक्टर-नर्सवरची व्हिसाच्या कोट्याची मर्यादा काढली आणि त्याच रिकाम्या जागेवर मी आले. 2022 मध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करना दार उघडलं. केरळ, पंजाब, नायजेरिया, झिम्बाब्वेची माणसं आली. जून 2023 ला संपलेल्या वर्षात येणाऱ्यांतून जाणारे वजा करता आकडा 9 लाखांच्या वर गेला. ज्यांनी माणसं कमी व्हावीत म्हणून मत दिलं त्यांना दुपटीहून जास्त माणसं दिसली. मग एकामागून एक दारं लागली.

जानेवारी 2024 पासून वर्गात शिकून करायच्या (संशोधनाच्या नव्हे) एमएस्सीला नवरा-बायको आणता येत नाहीत. म्हणजे तुमच्या बेतात वहिनी वरुडलाच राहतात, हे एजंटनं सांगितलं का? 22 जुलै 2025 पासून केअर वर्करची परदेशातून भरती बंद. त्याच दिवसापासून कुशल कामगाराच्या व्हिसाला पगार साधारणपणे वर्षाला किमान 41,700 पौंड लागतो, इथलं शिक्षण संपवून त्या व्हिसावर जाणाऱ्यांना सवलतीत 33,400. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षं 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्ष होतील. कायम राहण्यासाठीची पाच वर्षांची अट दहा करण्याचा प्रस्ताव सरकारनं 2025 मध्ये मांडला. ज्या मालकाचे कर 2025 मध्ये वाढलेत आणि ज्याच्या देशात बेकारी 5 टक्क्यांच्या आसपास आहे, तो मालक नव्या एमएस्सीवाल्याला एवढा पगार आणि वर व्हिसाचा खर्च का देईल, याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि एजंटजवळही नसेल.

आपल्याच भागातला एक मुलगा 2023 मध्ये केअर व्हिसावर आला. बापानं वावर विकून 14 लाख दिले होते. चार महिन्यांत त्या कंपनीचा परदेशी माणसं आणायचा परवाना गेला. 2022 ते 2024 मध्ये असे 470 वर परवाने रद्द झाले, 39 हजारांवर कामगार त्यांच्यात अडकले होते. तो माझ्या घरी अकरा दिवस राहिला. जेवायला बसला की ताटाकडं पाहत राहायचा. परत गेला. त्याच्या आईला मी काय सांगितलं ते इथं लिहवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: तुमच्या एमएस्सीसाठी सातबाऱ्यावर बोजा चढवू नका. यायचंच असेल तर अर्ज वहिनींनी करावा. नर्सच्या व्हिसाला वरची 41,700 ची अट नसते, त्यावर नवऱ्याला सोबत आणता येतं, त्याला कामही करता येतं आणि दोघांनाही आरोग्य अधिभार, म्हणजे सरकारी दवाखान्यासाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, माफ असतो. सरकारी सेवेत नव्या नर्सला 2025-26 मध्ये वर्षाला 31,049 पौंड होते, कर आणि पेन्शन कापून महिन्याला साधारण दोन हजार हातात येतात. बोस्टनसारख्या गावात त्यात दोघांचं भागतं, थोडं घरी पाठवताही येतं. आधी इंग्रजीची ओईटी किंवा आयईएल्टीएस, मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची नर्सिंगची परीक्षा, जी भारतातच देता येते, आणि इथं आल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. परदेशी नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत असा इथला नियम आहे. कुणी मागितले तर तिथंच उठून या.

पण नर्सचीही भरती 2023 नंतर आटली आहे, पूर्वीसारखी धडाधड पत्रं येत नाहीत. वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर वहिनींनी दवाखाना सोडू नये, कारण अनुभवाचे महिने मोजले जातात, आणि तुम्ही मृग बहार सांभाळा.

वहिनींना ओईटीतलं बोलणं अवघड वाटेल, मलाही वाटलं होतं. रविवारी माझी सुट्टी असते. तुमच्या संध्याकाळी त्यांनी फोन लावला तर मी पेशंट होते आणि त्यांनी नर्स व्हावं, तासभर सराव करू.