लाय डिटेक्टरला नकार देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली का?

प्रश्न : माझा भाचा अंबड औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात हिशेब लिहितो. तेथील कपाटातून रोकड गेल्यापासून पोलिसांनी त्याला तीनदा चौकशीला बोलावले. परवा “लाय डिटेक्टरला तयार आहेस ना? मग इथे सही कर,” असे म्हणून त्याच्यापुढे कागद ठेवला. “मामाला विचारून सांगतो,” असे म्हणून तो घरी आला. नकार दिला तर संशय पक्का होईल, असे सगळे म्हणतात. त्याने काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सही न करता भाचा घरी आला, हे त्याने योग्यच केले. गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 20(3) सांगतो. आरोपपत्र दाखल होण्याची वाट न पाहता हे संरक्षण पोलीस चौकशीपासूनच मिळते आणि ते संशयितालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात स्पष्ट केले. पॉलिग्राफ (म्हणजेच लाय डिटेक्टर), नार्को (औषध देऊन अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारणे) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूतील विद्युतलहरी टिपणे) या तिन्ही चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असे त्याच निकालात म्हटले आहे. तेव्हा नकार हा त्याचा हक्क आहे आणि हक्क बजावला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

संमती द्यायची झालीच, तरी ती पोलीस ठाण्यातल्या टेबलावर, एकट्याने, घाईने द्यायची नसते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2000 साली घालून दिलेली आणि न्यायालयाने बंधनकारक मानलेली पद्धत अशी की, आधी वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, चाचणीचे शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम पोलिसांनी आणि वकिलानेही समजावून सांगितले पाहिजेत आणि संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली गेली पाहिजे.

“खरे बोलणाऱ्याला कसली भीती?” असे लोक सहज म्हणतात, पण हे यंत्र खोटे पकडत नाही. छातीला व पोटाला नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना धातूच्या पट्ट्या लावून ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता एवढेच टिपते. तीनदा चौकशीला जाऊन आलेल्या, नोकरी जाईल या धास्तीने झोप उडालेल्या मुलाची नाडी “कपाट तू उघडलेस का?” या प्रश्नाला वाढली, तर ती चोरीमुळे वाढली की भीतीमुळे, हे आलेखावरची रेष कशी सांगणार? याच कारणाने, निर्दोष असला तरी त्याने ही चाचणी टाळावी, असे माझे मत आहे.

स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून थेट ग्राह्य धरला जात नाही. मात्र तिच्या आधारे पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 23 च्या परंतुकाखाली (जुन्या पुरावा कायद्याचे कलम 27) न्यायालयात येऊ शकते. सही करण्यापूर्वी हे त्याला ठाऊक असायला हवे.

या हक्काला मर्यादाही आहेत. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठाने 1961 मध्येच ठरवले. तुमचा भाचा हिशेब लिहीत असल्याने वह्यांवरील अक्षराचा प्रश्न निघू शकतो. त्या वेळी अनुच्छेद 20(3) कामी येणार नाही. तसेच चौकशीची लेखी नोटीस आल्यास हजर राहावेच लागते. गावी निघून जाणे त्याच्याच अंगलट येईल. ज्या उत्तरामुळे स्वतः गुन्ह्यात गुंतण्याचा संभव आहे, ते देण्यास मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे) कलम 180(2) त्याला बांधत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हेही त्याला सांगून ठेवा; कोऱ्या कागदावर तर मुळीच करू नये.

पुढच्या वेळी जाण्याआधी “मी पॉलिग्राफला संमती देत नाही, अन्य तपासास सहकार्य करीन,” असा अर्ज तारीख घालून द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. वकील परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. अटींत बसल्यास तेथे मोफत वकील मिळतो.