वाफा छान झालाय, पण बटाट्याची वेळ ही नव्हे

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर): परसात विटांचा 8 फूट लांब, 4 फूट रुंद, फूटभर उंच वाफा केलाय. मार्चमध्ये असल्या वाफ्यात बटाटा लावतात, असं मोबाइलवर पाहिलं. होळी झाली की लावू का? घरातल्या बटाट्यांना मोड आलेत, ते चालतील का?

उत्तर: ताई, आत्ता लावू नका. तुम्ही पाहिलं ते थंड मुलखातलं असणार. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते आणि उंच वाफ्यातली माती वसंतात लवकर ऊब धरते, म्हणून त्यांना तो सोयीचा. आपल्याकडे नेमकं तेच नडतं. मार्चमध्ये लातूरचा पारा 35 च्या पुढे जातो, दुपारी विटा तापतात आणि कडेची माती दिवस मावळला तरी निवत नाही.

बटाटा पोसतो तो रात्रीच्या गारव्यावर. दिवसा पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरून कंद भरतो. रात्र 20 अंशांच्या वर उबदार राहिली, की ते अन्न पाल्यातच खर्ची पडतं. उन्हाळ्यात लावलेल्या वाफ्यात हात घालून मी पाहिलंय: पाला गुडघाभर, हिरवागार, आणि मुळाशी बोराएवढ्या चार-दोन गाठी. पुणे जिल्ह्यात सातगाव पठारावर खरिपातही बटाटा होतो, पण ती हवा वेगळी. आपल्याला ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच लावायचा.

केलेला वाफा मात्र वाया जाणार नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद सडतो आणि वेडावाकडा होतो. उंच वाफ्यातून पाणी निथळतं. तोवर त्यात भेंडी, गवार घ्या. टोमॅटो, वांगी नकोत, ती बटाट्याच्याच कुळातली आणि रोगही सारखे. जूनमध्ये ताग पेरा, फुलावर आला की मातीत गाडा. कुजलेलं शेणखतच घाला. ताज्या शेणाने बटाट्यावर खवडे येतात.

घरातले मोड आलेले बटाटे बेणं म्हणून वापरू नका. वरून चांगले दिसले तरी विषाणूरोग आतून येतो आणि मग पानं गोळा होतात. खात्रीचं बेणं घ्या. ‘कुफरी लवकर’ नावाप्रमाणे लवकर येणारा वाण आहे, तर ‘कुफरी सूर्या’ उष्णता थोडी जास्त सोसतो. कोंबडीच्या अंड्याएवढे अख्खे कंद निवडा; कापलेली फोड ऑक्टोबरच्या उकाड्यात सडते. सावलीत पसरून आखूड, जाड मोड येऊ द्या.

लांबीला तीन ओळी, दोन कंदांत 9 इंच. तुमच्या वाफ्याला सव्वा-दीड किलो बेणं पुरे. वाफा काठोकाठ भरू नका, 8 इंचच भरा, कारण महिन्याभराने मातीची भर द्यावी लागते. ही भर चुकवू नका. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, तो खाण्याजोगा नसतो. शिवाय पाकोळी (बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग) त्यावर अंडी घालते. भर दिल्यावर सोयाबीनचं भुसकट पसरा आणि पाणी थोडं थोडं, पण वरचेवर द्या.

संक्रांतीनंतर पाला पिवळा पडला की पाणी तोडा. आठ-दहा दिवसांनी माती हातानेच उकरा, खुरप्याने कापलेला बटाटा टिकत नाही.