विचारा की : सुई कुणी मारली, बंदी कुणाला

मागच्या अंकात फ्रान्सचा फुटबॉलपटू पोग्बा आणि त्याच्या शरीरात सापडलेलं बंदीचं औषध यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज काही थांबेनात. एरवी मे महिन्यात सोलापुरात कुणाला पेन उचलायचीसुद्धा ताकद नसते, पण डोपिंग म्हटलं की सगळे जागे. चार प्रश्न घेतोय, त्यात पहिल्यालाच निम्मी जागा जाणार आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : माझा भाचा मेलबर्नला असतो, तिथल्या फूटीचा लई नाद लागलाय त्याला. तो सांगतो की तिथल्या एसेन्डन क्लबच्या ३४ खेळाडूंवर बंदी आली आणि त्यातल्या एकाचीही टेस्ट पॉझिटिव्ह नव्हती. हे कसं काय? टेस्ट क्लीन म्हणजे माणूस क्लीन, एवढं साधं नाही का हे? — एक वाचक, रेल्वे लाईन्स

उत्तर : भाचा खरं सांगतोय. आधी बाकीच्यांसाठी सांगतो, फूटी म्हणजे आपला गोल बॉलवाला फुटबॉल नव्हे, तिकडे अंडाकृती बॉल घेऊन १८-१८ जण खेळतात तो खेळ, लीगचं नाव एएफएल. तर २०१२ च्या सीझनला एसेन्डन क्लबने स्टीफन डँक नावाचा स्पोर्ट्स सायंटिस्ट ठेवला आणि पोरं ताकदवान व्हावीत, लवकर रिकव्हर व्हावीत म्हणून इंजेक्शनांचा एक कार्यक्रमच सुरू झाला. क्लबचा स्वतःचा डॉक्टर होता, त्याला बाजूला ठेवून. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्लब स्वतःच लीगकडे आणि तिथल्या डोपिंगविरोधी संस्थेकडे, म्हणजे असाडाकडे गेला, की बाबांनो आमच्याकडे नेमकं काय दिलं गेलं याची आम्हालाच खात्री नाही. त्याच आठवड्यात तिथल्या गुन्हे आयोगाचा खेळातल्या ड्रग्जवरचा रिपोर्ट बाहेर पडला आणि सगळ्या देशात बोंब झाली.

आता तुमचा मुद्दा. डोपिंगच्या नियमात औषध घेतल्याचा गुन्हा दोन तऱ्हेने धरला जातो, एक म्हणजे लघवीत किंवा रक्तात बंदीचं औषध सापडलं, आणि दुसरं म्हणजे ते वापरलं हे दुसऱ्या कुठल्याही भरवशाच्या पुराव्याने सिद्ध झालं. या दुसऱ्याला टेस्टची गरजच नाही. इथे भांडण होतं थायमोसिन बीटा ४ या पदार्थाचं, जो माणसाच्या शरीरात मुळातच असतो, त्यामुळे लघवीच्या बाटलीत सापडला म्हणून बाहेरून टोचला असं छातीठोक सांगता येत नाही. मग पुरावा कुठला? एसएमएस, मागवलेल्या मालाचे कागद, औषध बनवून देणाऱ्याकडचा हिशोब, खेळाडूंचे जबाब, आणि खेळाडूंनी सही केलेला संमतीचा फॉर्म.

हा फॉर्म म्हणजे सगळ्या गोष्टीचं मर्म आहे बघा. त्यात काय लिहिलंय, तर नुसतं ‘थायमोसिन’. कुठलं थायमोसिन ते नाही! या नावाचे एकाहून जास्त पदार्थ असतात, बीटा ४ ला बंदी आहे, दुसऱ्या एकाला नव्हती. बचाववाले म्हणाले आमचं ते दुसरंच, आरोपवाले म्हणाले नाही, हेच. एक शब्द अर्धा लिहिला आणि त्यावर तीन वर्षं वकिलांची घरं चालली.

मार्च २०१५ मध्ये एएफएलच्या स्वतःच्या ट्रिब्युनलने ३४ ही जणांना सोडलं, म्हणाले की आमच्या मनाची पुरेशी खात्री पटली नाही. डोपिंगमध्ये हीच पट्टी असते, मनाची पुरेशी खात्री. फौजदारी कोर्टात लागतो तेवढा पक्का पुरावा लागत नाही, पण दिवाणीसारखं नुसतं पारडं जरासं झुकून पण भागत नाही, मधलं काहीतरी. मग जागतिक डोपिंगविरोधी संस्था वाडा स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे अपिलात गेली. तिथे मुख्य वाद असा झाला की पुरावा साखळीसारखा बघायचा की दोरासारखा. साखळीची एक कडी कच्ची निघाली की साखळी तुटली. दोराचं तसं नसतं, एक धागा सुटला तरी बाकीचे धागे वजन पेलतात. मी गिरणगावात वाढलोय, सूत, ताणा, पीळ हे बघतच मोठा झालो, मला हा युक्तिवाद वाचल्या वाचल्या पटला, खोटं कशाला बोलू. लवादालाही पटला. १२ जानेवारी २०१६ ला निकाल लागला, ३४ जण दोषी, दोन वर्षांची बंदी, मागच्या तारखेपासून मोजली तरी २०१६ चा पूर्ण सीझन गेला. जोब वॉटसन नावाच्या त्यांच्या कॅप्टनने २०१२ चं ब्राउनलो मेडल, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान, परत दिलं. एसेन्डन त्या वर्षी लीगमध्ये तळाला राहिलं.

आणि एक गोष्ट जी खेळाडूंना नडली ती तुमच्या भाच्याला विचारा माहीत आहे का. टेस्टच्या वेळी एक फॉर्म भरून घेतात, मागच्या सात दिवसांत कुठल्या गोळ्या, सप्लिमेंट, औषधं घेतली ते लिहा म्हणून. त्या सीझनमध्ये ज्यांच्या टेस्ट झाल्या त्यांनी त्या फॉर्मवर या इंजेक्शनांचा उल्लेखच केला नव्हता. डॉक्टरलाही विचारलं नाही. लवाद म्हणाला, चोख मामला होता तर लपवलं का? मला विचाराल तर पोरांनी लपवलं असं नाही, त्यांना कुणीतरी सांगितलं असणार की हे आपल्यातच राहू दे, आणि विशीतल्या पोराला कोचसमोर तोंड उघडायला जड जातं. पण नियमाला तुमचं वय, तुमचा कोच, काही दिसत नाही. शरीरात जे गेलं त्याचा जबाबदार तू. मी नियमाच्या बाजूचा माणूस आहे, तरी सांगतो, क्लबला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड, हेड कोच जेम्स हर्डला एक वर्ष बाहेर, डँकला पुढे आजन्म बंदी, हे सगळं झालं तरी पोरांचं गेलेलं वर्ष काही कुणी भरून दिलं नाही.

माझंच सांगतो. ऐंशीच्या दशकात इथेच एका टुर्नामेंटच्या सेमीफायनलच्या आधी आमच्या टीमच्या एका हितचिंतकाने ‘ताकदीची सुई’ म्हणून एका खोलीत नेऊन सगळ्यांना इंजेक्शन दिलं. जर्मनच्या पातेल्यात काचेची सिरिंज उकळत होती, अँप्यूल पिवळसर होती, त्यावरचं लेबल खरडून काढलेलं होतं. आम्ही अकरा जण रांगेत बाही वर करून उभे. कुणी एकाने तरी विचारलं का काय आहे म्हणून? बरं, मॅच हरलो, तीन-एक. माझ्या दंडाला दोन दिवस गाठ होती. बी१२ असेल बहुतेक, पण आज चाळीस वर्षांनी मी तुम्हाला ‘बहुतेक’च सांगतोय.

जाता जाता, त्याच काळात सिडनीच्या क्रोनुला क्लबच्या रग्बी लीगच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये तडजोड केली, एक वर्षाची बंदी मागच्या तारखेने घेतली आणि प्रत्यक्षात तीनेक मॅचेस हुकल्या. २०१६ मध्ये तोच क्लब इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियन झाला, आणि त्याच २०१६ मध्ये लढलेले एसेन्डनवाले घरी बसले होते. न्याय असाही असतो.

प्रश्न : पण सर, खेळाडूंच्या स्वतःच्या लीगनेच सोडलं ना? मग बाहेरचा वाडा मध्ये कशाला? आपल्या घरचं भांडण आपण मिटवू. — पंढरपूर रोड

उत्तर : आपल्या घरचं भांडण घरचेच मिटवायला बसले की काय होतं ते आपल्या भाऊबंदकीत बघितलंय की. लीगला तिकिटं विकायची असतात, टीव्हीचे हक्क विकायचे असतात, स्टार बाहेर बसवणं परवडत नाही. अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल तर वाडाच्या नियमाखाली नाहीच, तिथे लीग आणि खेळाडूंची युनियन एकत्र बसून शिक्षा ठरवतात, ती मॅचेसमध्ये मोजतात, वर्षांत नाही. तुम्हाला ते जास्त माणुसकीचं वाटेल, कारण युनियन खेळाडूच्या बाजूने बोलते. मलाही कधीकधी वाटतं. पण मग ऑलिम्पिकला जाणाऱ्या आपल्या पहिलवानाला चार वर्षं आणि करोडो कमावणाऱ्याला चार मॅचेस, हे कसं पचवायचं?

पहिलवान म्हटल्यावर नरसिंग यादवची आठवण येणारच. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला गडी. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर पॉझिटिव्ह, त्याचं म्हणणं होतं की माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं. आपल्या नाडाने (पायजम्याचा नव्हे, राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) ते मान्य करून सोडलं. वाडाने अपील केलं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, रिओतच लवादाने चार वर्षांची बंदी घातली. एसेन्डनचीच गोष्ट झाली की ही, घरच्यांनी सोडलं, बाहेरच्याने धरलं. आपल्याकडे आजही अर्धी तालीम म्हणते त्याला फसवलं. असेलही. पण फसवलं हे दाखवायचं ओझं खेळाडूवर असतं, आणि दुधात कुणी काय टाकलं ते सिद्ध कसं करायचं हे मलाही कुणी सांगितलेलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो, पार्क स्टेडियमच्या बाजूला सकाळी प्रॅक्टिसला जातो. जिममधल्या एका दादाने त्याला पांढऱ्या डब्यातली पावडर दिलीय, डब्यावर फक्त मार्करने ‘मास’ लिहिलंय. मुलगा म्हणतो सगळेच घेतात. काय करू? — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, डबा आजच उचला, आणि फेकू नका, बाजूला ठेवा, पुढेमागे काही झालंच तर तोच पुरावा. लेबल नाही, बॅच नंबर नाही, कंपनी नाही, अशी वस्तू पोटात घालायची नाही, एवढंच. बंद डब्यातल्या नावाजलेल्या पावडरीतसुद्धा कधीकधी न छापलेलं काही निघतं, मग सुट्या मालाचं काय विचारता. त्याला भांडून सांगू नका, १७ वर्षांच्या पोराला आईचं भांडण म्हणजे पावडर खायला अजून एक कारण. त्याला म्हणावं तुझ्या कोचकडून लिहून आण की ही पावडर सुरक्षित आहे, सहीनिशी. कोच सही करणार नाही, पोराला आपोआप कळेल.

आणि समजा उद्या तो राज्याच्या किंवा देशाच्या कॅम्पला गेला तर टेस्ट कशी होते ते आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाही. अधिकारी ओळखपत्र दाखवतो, मग त्यांच्या नजरेसमोर किमान ९० मिली लघवी द्यावी लागते, ती दोन बाटल्यांत भरतात, ए आणि बी, सील खेळाडूने स्वतः तपासायचं. अठराच्या आतलं मूल असेल तर सोबत मोठं माणूस मागता येतं, लाजू नका, मागा. आणि तो फॉर्म, वर सांगितला तोच, सात दिवसांत काय काय घेतलं. सर्दीची गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, प्रोटीन, सगळं लिहायचं. नाडाचं ‘नो युअर मेडिसिन’ नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. बाकी ताकदीचं म्हणाल तर सोलापूरच्या पोराला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही, दोन अंडी हे आहे की, आणि पुरेशी झोप, जी मोबाइलमुळे कुणालाच मिळत नाही.

प्रश्न : माझं मेडिकल आहे. खोकल्याच्या औषधात पण डोपिंग निघतं म्हणे, मग आम्ही काउंटरवर काय विचारायचं? आणि पोग्बाची चार वर्षांची बंदी १८ महिन्यांवर आली ती मोठा खेळाडू म्हणूनच ना? — मोहोळ

उत्तर : दोन प्रश्न एकात, हुशार आहात. पृथ्वी शॉ आठवतोय? २०१९ मध्ये आठ महिने बाहेर, कारण खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटलीन. हे तुमच्या शेल्फवर आहेच, तुम्हाला मी काय सांगू. गिऱ्हाईक ट्रॅकसूटमध्ये आलं तर एवढंच विचारा, ‘कुठं खेळता का?’ हो म्हणाला तर त्याला बाटलीवरचं कंटेंट वाचून दाखवा आणि डॉक्टरकडे पाठवा, खरंच औषध लागणार असेल तर आधी परवानगी घेण्याची सोय नियमात असते.

पोग्बाचं म्हणाल तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या युव्हेंटस क्लबच्या मॅचनंतर डीएचईए नावाचं बंदीचं औषध सापडलं, चार वर्षं लागली. लवादाने मानलं की त्याने मुद्दाम घेतलं नव्हतं, फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने सांगितलेलं सप्लिमेंट होतं ते, तरी चूक त्याचीच, म्हणून १८ महिने. पैसा असला की चांगले वकील मिळतात हे खरं, पण नुसत्या पैशाने सुटतं असं पण नाही. फुटबॉलमधलाच कोलो तुरे सहा महिने बसला, आंद्रे ओनाना नऊ महिने, दोघांची कारणं ऐका, बायकोच्या गोळ्या! एकाने वजन कमी करायच्या घेतल्या, दुसऱ्याने साधी गोळी समजून तिच्या औषधातली उचलली. मी हे घरी वाचून दाखवलं तर आमच्या हिने त्याच संध्याकाळी दोघांचे औषधांचे डबे वेगळे केले आणि माझ्या डब्यावर मार्करने माझं नाव लिहून ठेवलं.